काळी भिंत आणि नावांचा क्रम

वॉशिंग्टनमधली स्मारकं म्हणजे सगळा पांढरा कारभार. उंच खांब, घुमट, घोड्यावर बसलेले सेनापती. त्यात एक स्मारक काळं आहे, आणि ते वर जाण्याऐवजी जमिनीत उतरतं. व्हिएतनाम युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांचं हे स्मारक.

हे युद्ध अमेरिकेला विसरायचं होतं. पण जॅन स्क्रग्ज या माजी सैनिकाने १९७९ साली स्मारकासाठी खटपट सुरू केली. १९८१ च्या खुल्या स्पर्धेत १४२१ आराखडे आले, सगळे निनावी, नुसत्या क्रमांकाने. जिंकली कोण? येलमध्ये शिकणारी २१ वर्षांची माया लिन. आईवडील चीनमधून आलेले!

कल्पना साधी. सुमारे २४७ फुटांच्या दोन भिंती, टोकाला पायाशी, मध्ये जुळतात तिथे दहा फूट उंच. त्यांवर फक्त नावं. हुद्दा नाही, पुतळा नाही. मग काय, गहजब झाला. एका माजी सैनिकाने तिला लाजेची काळी जखम म्हटलं. शेवटी तडजोड म्हणून जवळच एक झेंडा आणि तीन सैनिकांचा पुतळा उभारायचं ठरलं. भिंत १९८२ साली खुली झाली, पुतळा १९८४ साली आला.

माझ्यातल्या इंजिनियरला भावला तो नावांचा क्रम. काहींना अकारविल्हे यादी हवी होती, शोधायला सोपी. पण मग शेकडो स्मिथ एकाखाली एक आले असते आणि स्मारकाची टेलिफोन डिरेक्टरी झाली असती. लिनबाईंनी नावं तारखेनुसार लावली. त्यामुळे एकाच लढाईत पडलेले दोस्त भिंतीवरही शेजारी आहेत. सुरुवात मधल्या कोपऱ्यात, १९५९ पासून. नावं उजव्या टोकापर्यंत जातात, डाव्या टोकापासून पुन्हा सुरू होतात आणि १९७५ ला त्याच कोपऱ्यात येऊन थांबतात. पहिला आणि शेवटचा मृत्यू समोरासमोर. शोधायचं असेल तर जवळच सूची ठेवलेली आहे. काम भागलं की नाही?

दगड इतका चकचकीत की नावं वाचताना मला माझाच चेहरा दिसत होता. आणि गंमत म्हणजे हा ग्रॅनाइट आपल्या बंगलोरकडचा!

पण भिंत एक गोष्ट सांगत नाही. तिच्यावर ५८ हजारांहून जास्त नावं आहेत, व्हिएतनामी माणसाचं एकही नाही. व्हिएतनाम सरकारने १९९५ साली युद्धातले व्हिएतनामी मृत सुमारे ३० लाख सांगितले. मी सरळ त्रैराशिक मांडलं. ही भिंत दीडशे मीटर. याच हिशेबाने त्यांची भिंत जवळजवळ आठ किलोमीटर होईल.

कुठलंही राष्ट्र आपलेच मेलेले मोजतं, आपणही त्याला अपवाद नाही. तरी कधी वॉशिंग्टनला आलात तर ही भिंत जरूर बघा, आणि बघताना ते आठ किलोमीटरही लक्षात ठेवा.