बारामती व इंदापूर परिसरातील शरीराचे जलसंतुलन

शरीराचे जलसंतुलन म्हणजे शरीरात येणारे पाणी आणि शरीराबाहेर जाणारे पाणी यांचा मेळ होय. बाहेर गेलेल्या पाण्याची भरपाई वेळेवर न झाल्यास निर्जलीकरण होते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात असून तेथील उन्हाळा कडक असतो. येथील बहुसंख्य लोकांची उपजीविका उन्हातील शेतीकामावर चालते. त्यामुळे पुरेसे पाणी पिणे हा या परिसरातील दैनंदिन आरोग्याचा महत्त्वाचा विषय आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

या दोन्ही तालुक्यांत वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. एप्रिल व मे महिन्यांत कमाल तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. नीरा डाव्या कालव्यामुळे बारामती व इंदापूरचा मोठा भाग बागायती झाला. भीमा नदीवरील उजनी धरणाचा जलाशय इंदापूर तालुक्याच्या सीमेवर दूरवर पसरला आहे. याउलट सुपे, मोरगाव यांसारखा बारामतीचा भाग जिरायती असून टंचाईच्या वर्षी तेथे टँकरने पाणी पुरवावे लागते. बागायती भागातही सर्वत्र गोडे पाणी मिळत नाही. कालव्याखालील काही जमिनी क्षारपड झाल्या असून तेथील विहिरींचे पाणी मचूळ लागते. शेतीला पाणी असणे आणि पिण्यायोग्य पाणी हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शरीरातील पाण्याचे कार्य

प्रौढ माणसाच्या वजनाचा ५० ते ६० टक्के भाग पाण्याचा असतो. अर्भकांत हे प्रमाण याहून अधिक असते. रक्ताभिसरण, अन्नपचन, टाकाऊ द्रव्यांचे उत्सर्जन आणि शरीराच्या तापमानाचे नियमन या क्रिया पाण्यावर अवलंबून असतात. घाम त्वचेवरून वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. कडक उन्हात जड काम करणाऱ्याला तासाला एक लिटर किंवा त्याहून अधिक घाम येऊ शकतो. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. वजनाच्या सुमारे दोन टक्के इतके पाणी कमी झाले, तरी थकवा वाढतो आणि एकाग्रता घटते.

जोखमीचे गट

ऊसतोड कामगार : या परिसरात अनेक साखर कारखाने आहेत. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या येथे येतात आणि फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर कोप्या करून राहतात. हंगामाची सुरुवात थंडीत होत असल्याने तहान कमी लागते. परंतु ऊस तोडताना व मोळ्या वाहताना घाम येतच राहतो. हंगाम लांबल्यास मार्च-एप्रिलच्या उन्हातही काम चालते. फडात पिण्याचे पाणी बहुधा सोबत आणलेल्या कॅन-घागरींपुरतेच असते. स्वच्छतागृहाची सोय नसल्यामुळे अनेक स्त्रिया जाणूनबुजून पाणी कमी पितात व लघवी रोखून धरतात. यातून मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. अशा ठिकाणी केवळ ‘भरपूर पाणी प्या’ असा उपदेश अपुरा ठरतो. पाणी, सावली व शौचालय या तिन्हींची सोय असावी लागते.

वारकरी : संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा देहूहून पंढरपूरला जाताना बारामती, काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर व सराटी या मार्गाने जातो. आषाढी वारीचा हा काळ जून-जुलैचा असतो. पाऊस लांबल्यास उकाडा तीव्र असतो आणि वारकऱ्यांत वृद्धांची संख्या मोठी असते. मार्गावरील पाणपोया, टँकर व वैद्यकीय पथके यांमुळे त्यांना आधार मिळतो.

वृद्ध व बालके : वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, म्हणून वृद्धांनी तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी पाणी पिणे हिताचे असते. लहान मुले खेळण्याच्या नादात पाणी पिणे विसरतात. शाळेत मुलांना पाण्याची आठवण करून देणारी स्वतंत्र घंटा वाजवण्याचा उपक्रम केरळमधील शाळांत २०१९ मध्ये सुरू झाला आणि पुढे इतर राज्यांतही पोहोचला. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र उन्हाळ्यातही आईचे दूध पुरेसे असते. त्याला वरचे पाणी देऊ नये.

लक्षणे

तोंड कोरडे पडणे, डोके दुखणे, गरगरणे, लघवी कमी व गडद पिवळी होणे ही निर्जलीकरणाची सामान्य लक्षणे होत. फिकट पिवळी लघवी हे पाणी पुरेसे असल्याचे सोपे लक्षण आहे. बालकाचे डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे आणि सुस्ती ही धोक्याची चिन्हे आहेत. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागल्यास किंवा बेशुद्ध झाल्यास तो उष्माघात समजावा. अशा वेळी रुग्णाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात हलवावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

दीर्घकाळ पाणी कमी प्यायल्यास मूत्रपिंडात खडे होण्याची शक्यता वाढते. जड पाण्यामुळेच मुतखडा होतो, असा समज प्रचलित आहे. तथापि लघवीचे प्रमाण कमी असणे हे त्याचे अधिक ठोस कारण मानले जाते. ज्यांना एकदा खडा झाला आहे, त्यांनी दिवसाला सुमारे अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असा वैद्यकीय सल्ला दिला जातो.

पाण्याचे प्रमाण

सर्वांना लागू पडेल असे एकच प्रमाण नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने समशीतोष्ण हवामानासाठी अन्नातील पाणी धरून स्त्रियांना दिवसाला २ लिटर व पुरुषांना २.५ लिटर हे प्रमाण सुचवले आहे. उन्हात राबणाऱ्यांना याहून बरेच अधिक लागते. त्यांनी दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी पिणे हे एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा चांगले. ताक, लिंबू सरबत, पन्हे, भाताची पेज, कलिंगड यांतूनही पाणी मिळते. अल्पावधीत अतिरेकी पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायक रीतीने घटू शकते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणातच पाणी घ्यावे.

जलसंजीवनी

अतिसारात शरीरातील पाणी व क्षार वेगाने जातात. १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे द्रावण तोंडावाटे देऊन असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. आतड्यात साखरेच्या सोबतीने सोडियम शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणीही शोषले जाते, हे या उपचाराचे तत्त्व आहे. ओआरएसची पुडी उपलब्ध नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून द्रावण तयार करावे आणि ते २४ तासांत संपवावे. मिठाचे प्रमाण वाढवू नये.

पाण्याची शुद्धता

अशुद्ध पाणी अधिक प्यायल्याने आरोग्य राखले जात नाही, उलट अतिसार होऊन निर्जलीकरणच ओढवते. कालव्याचे, ओढ्याचे किंवा उघड्या विहिरीचे पाणी गाळून व उकळून अथवा क्लोरीनने निर्जंतुक करून वापरावे. माठ झाकून ठेवावा, नियमित घासावा आणि त्यातील पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. क्षारयुक्त मचूळ पाणी उकळल्याने गोडे होत नाही. अशा गावांत पिण्यासाठी स्वतंत्र स्रोत आवश्यक असतो.