चित्र हलके झाले, म्हणून फिरू लागले

एखाद्या चित्रकाराने आज सकाळी जलरंगातले निसर्गचित्र पुरे केले, त्याचा फोटो काढला आणि इंटरनेटवर ठेवला, तर संध्याकाळच्या आत ते जपानमधला कुणी अनोळखी रसिक पाहू शकतो. छायाचित्रकार असोत, चित्रकार असोत, की थेट संगणकावरच चित्र काढणारे कलावंत असोत, आपले काम लोकांपुढे ठेवण्याची ही रीत आता नित्याची झाली आहे. पूर्वी हेच करायचे तर कलादालनाची तारीख मिळावी लागे, किंवा मासिकाच्या संपादकाने चित्र निवडून त्याचा ब्लॉक करून घ्यावा लागे.

हा बदल कशाने झाला, असे विद्यार्थ्यांना विचारले तर 'संगणक आला, इंटरनेट आले' असे उत्तर मिळते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. संगणक एकमेकांना टेलिफोनच्या तारेने जोडले गेले, त्यानंतरही बरीच वर्षे रंगीत चित्र त्या तारेतून सुखाने जाऊ शकत नव्हते. ते जाऊ लागले दोन गोष्टींमुळे. चित्रातले काय गाळले तरी चालेल, हे गणिताने दाखवून दिले. आणि त्या गणिताची वाट कुणा एकाच्या मालकीची होऊ नये म्हणून काही माणसांनी खटपट केली. या दोन्ही गोष्टींचा मागोवा आपण घेऊ.

चित्राचा झाला तक्ता

१९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्र तयार केले. फिरत्या नळकांड्यावर फोटो गुंडाळायचा, त्यावर प्रकाश टाकायचा, आणि कोणती जागा उजळ आहे नि कोणती काळी, हे संगणकाला आकड्यांत सांगायचे, अशी त्याची रचना होती. पहिल्या प्रयोगासाठी कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो निवडला. जेमतेम ५ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या त्या फोटोचे आडवे १७६ आणि उभे १७६, म्हणजे ३०,९७६ चौकोन झाले. या चौकोनांनाच आज आपण पिक्सेल म्हणतो. एक चौकोन, एक आकडा. चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता, ही कल्पना इथे प्रत्यक्षात उतरली.

कलावंतही फार मागे नव्हते. १९६५ साली जर्मनीत स्टुटगार्ट येथे आणि अमेरिकेत न्यूयॉर्क येथे संगणकाने काढलेल्या चित्रांची प्रदर्शने भरली. गेओर्ग नेस, मायकेल नॉल आणि बेला युलेश ही त्यांतली प्रमुख नावे. पण चित्र संगणकाचे असले तरी ते शेवटी कागदावर उतरवून भिंतीवरच टांगावे लागे. बघणाऱ्याला चित्रापर्यंत चालत जावे लागे.

चित्रानेच बघणाऱ्याकडे जावे, असा एक धाडसी प्रयोग सप्टेंबर १९८२ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंत्स शहरात झाला. रॉबर्ट एड्रियन या कलावंताच्या पुढाकाराने निरनिराळ्या खंडांतल्या शहरांतले कलावंत एकमेकांशी टेलिफोनने जोडले गेले, आणि एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत सलग २४ तास त्यांनी चित्रांची देवाणघेवाण केली. फॅक्स आणि मंदगती दूरचित्रवाणी ही त्यांची साधने होती. या मंदगती पद्धतीत एक स्थिर, काळेपांढरे आणि भरड चित्र यायला सुमारे ८ सेकंद लागत. चित्रे इंटरनेटवर दिसू लागण्याच्या दहा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. कलावंतांची इच्छा तयार होती. तार मात्र अरुंद होती.

एक हिशेब

तार किती अरुंद होती, हे वर्गात गणित घालून पाहता येईल. ६४० आडवे आणि ४८० उभे चौकोन असलेले एक मध्यम आकाराचे रंगीत चित्र घ्या. चौकोन झाले ३,०७,२००. प्रत्येक चौकोनासाठी तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे तीन आकडे लागतात. प्रत्येक आकड्याला एक बाइट धरला तर ९,२१,६०० बाइट होतात, आणि एका बाइटचे ८ बिट या हिशेबाने ७३,७२,८०० बिट. १९८० च्या दशकाच्या अखेरीस घरगुती मोडेम सेकंदाला २,४०० बिट पाठवत असे. भागाकार केला की उत्तर येते ३,०७२ सेकंद, म्हणजे ५१ मिनिटे. एका चित्रासाठी जवळजवळ तासभर टेलिफोन अडकवून ठेवायचा, आणि त्याचे बिल भरायचे! असे चित्र कोण कुणाला पाठवणार?

आवृत्ती टाळा

यावरचा पहिला लोकप्रिय उपाय जून १९८७ मध्ये आला. अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी जिफ नावाची चित्रे साठवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात दोन युक्त्या होत्या. एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंगच वापरायचे, ही पहिली. पुन्हा पुन्हा येणारा नमुना दर वेळी नव्याने न लिहिता त्याला एक क्रमांक देऊन टाकायचा, ही दुसरी. लुगड्याच्या काठावरच्या वेलबुट्टीचे वर्णन करताना आपण एक बुट्टी नीट सांगतो आणि 'अशीच शेवटपर्यंत' म्हणतो, तसाच हा प्रकार. यात नमुन्यातले काहीही हरवत नाही.

रेखाचित्रे, नकाशे, व्यंगचित्रे यांना ही पद्धत छान मानवली. पण फोटोत किंवा तैलचित्रात सलग एकच रंग क्वचितच असतो. आकाशाचा निळा रंगही क्षितिजाकडे हळूहळू फिका होत जातो. तिथे २५६ रंग अपुरे पडत आणि आवृत्तीही फारशी सापडत नसे.

जे डोळ्याला दिसत नाही

फोटोसाठीचा उपाय मात्र आधीच सापडला होता. मूळचे बंगळूरचे नासिर अहमद १९७२ साली अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. चित्रातल्या आकड्यांची एका विशिष्ट गणिती पद्धतीने फेरमांडणी केली तर ते पुष्कळ कमी जागेत मावतील, अशी त्यांची कल्पना होती. तिच्या अभ्यासासाठी त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. कल्पना फारच साधी आहे, असे एका परीक्षकाचे मत पडले. अहमद यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ही फेरमांडणी कोसाइन या त्रिकोणमितीतल्या फलाच्या आधाराने होते. दहावीच्या पुस्तकातले हेच कोसाइन आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलच्या कॅमेऱ्यात काम करते, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

तिच्यामागचे तत्त्व सोप्या आकड्यांनी समजावता येते. फोटोतल्या एका ओळीत उजेडाचे आठ आकडे असे आहेत, असे समजा : ५०, ५२, ५४, ५६, ५८, ६०, ६२, ६४. दोन-दोनच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीची सरासरी आणि सरासरीपासूनचे अंतर लिहा. सरासऱ्या येतात ५१, ५५, ५९, ६३ आणि अंतर प्रत्येक वेळी फक्त १. आता अंतरे सोडून दिली आणि नुसत्या सरासऱ्या ठेवल्या तर? आकडे निम्मे झाले, आणि चित्र पाहणाऱ्याला फरक जवळजवळ कळणार नाही. उलट, पांढऱ्या कागदावर काळे अक्षर असेल तर शेजारी-शेजारी ५० आणि २०० असे आकडे येतील. त्यांची सरासरी १२५ आणि अंतर ७५. हे अंतर सोडले तर अक्षराची कडच पुसली जाईल.

अहमद यांची पद्धत याहून बरीच प्रगत आहे. ८ × ८ चौकोनांचा एक तुकडा घेऊन त्यातले ६४ आकडे ती ६४ ठरावीक नमुन्यांच्या मिश्रणात बदलते. त्यातले काही नमुने हळूहळू बदलणाऱ्या छटांचे असतात, तर काही अगदी बारीक चढउतारांचे. आपला डोळा पहिल्या प्रकाराबाबत चोखंदळ आणि दुसऱ्याबाबत ढिला असतो. म्हणून बारीक चढउतारांचे आकडे ढोबळ केले, पुष्कळसे शून्यच केले, तरी चालते. डोळ्याला उजेडाचा बारकावा जितका कळतो तितका रंगाचा कळत नाही. म्हणून रंगांचे आकडेही कमी ठेवता येतात.

या तत्त्वावर तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने १९८६ पासून काम करून १९९२ मध्ये जेपेग हे प्रमाण मंजूर केले. मघाचे ५१ मिनिटांचे चित्र विसाव्या हिश्शावर आले, तर अडीच मिनिटांतच पोहोचते. किंमत एवढीच, की गाळलेले परत मिळत नाही, आणि चित्र पुन्हा पुन्हा उघडून, बदलून साठवले की दर वेळी थोडे आणखी गळते. म्हणून चित्रकाराने मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी.

वाट कुणाची?

पण प्रमाण मंजूर झाले म्हणजे ते लोकांच्या हाती पडते असे नाही. टॉम लेन आणि त्यांच्या स्वयंसेवी गटाने जेपेग चित्रे तयार करणारी आणि उघडणारी आज्ञावली १९९१ पासूनच सर्वांना विनामूल्य देऊन टाकली. एप्रिल १९९३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने वर्ल्ड वाइड वेबवरचा आपला हक्क सोडला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या तरुणांनी तयार केलेल्या मोझेइक या आज्ञावलीत मजकूर आणि चित्रे एकाच पानावर दिसू लागली. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हाच्या स्वस्त खात्यांवर नुसती अक्षरे दिसत, चित्रे नाहीत.

वाट मोकळी राहते की नाही, याची कसोटी मात्र १९९४ च्या डिसेंबरमध्येच लागली होती. जिफमधल्या आवृत्ती टाळण्याच्या रीतीवर युनिसिस या कंपनीचे पेटंट होते. जिफ वापरणाऱ्या आज्ञावलींच्या निर्मात्यांनी परवाना घ्यावा, असे तिने जाहीर केले. साडेसात वर्षे सगळे निर्धास्तपणे वापरत असलेल्या रस्त्यावर अचानक टोलनाका उभा राहिला. संगणकतज्ज्ञांनी निषेध केला, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपसांत पत्रव्यवहार करून पेटंटमुक्त अशी नवी पद्धत आखायला घेतली. तीच पीएनजी. ऑक्टोबर १९९६ मध्ये तिला मान्यता मिळाली. तिच्यात २५६ रंगांची अटही राहिली नाही. युनिसिसचे अमेरिकेतले पेटंट २००३ मध्ये संपले, तोवर पर्याय रुळलेला होता. २००२ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने जेपेगवरही पेटंटचा दावा सांगितला आणि बऱ्याच कंपन्यांकडून पैसे वसूल केले. जुने पुरावे पुढे आल्यावर २००६ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने त्यातले मुख्य दावे अमान्य केले.

अशा मोकळ्या राहिलेल्या वाटेवरच पुढे कलावंतांची वर्दळ वाढली. ऑगस्ट २००० मध्ये डेव्हिअंटआर्ट हे चित्रकारांचे, तर २००४ मध्ये फ्लिकर हे छायाचित्रकारांचे व्यासपीठ सुरू झाले. दालनाच्या मालकाची वा संपादकाची परवानगी आता लागत नव्हती.

चित्र ज्याचे त्याचे

इथे एक घोटाळा होतो, आणि तो वर्गात बोलून दूर करण्यासारखा आहे. वाट सर्वांची म्हणजे वाटेवरून जाणारे चित्रही सर्वांचे, असा अर्थ नाही. जे चित्र सहज पोहोचते ते सहज उचललेही जाते. इंटरनेटवर दिसलेल्या चित्रावर चित्रकाराचा स्वामित्वहक्क कायम असतो. आपले चित्र इतरांनी वापरावे असे त्याला वाटत असेल, तर तसे सांगण्याची सोयही आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने डिसेंबर २००२ पासून त्यासाठी तयार परवाने दिले आहेत.

हाच घोटाळा २०२२ मध्ये मोठ्या प्रमाणावर पुढे आला. इंटरनेटवरची अब्जावधी चित्रे आणि त्यांची वर्णने यांवर शिकवलेल्या संगणकप्रणाली सांगाल ते चित्र काढून देऊ लागल्या. ज्यांच्या चित्रांवरून त्या शिकल्या, त्या कलावंतांना कुणी विचारले नव्हते. त्या डिसेंबरमध्ये आर्टस्टेशन या व्यासपीठावर कलावंतांनी आपल्या चित्रांऐवजी निषेधाची चित्रे लावली, आणि जानेवारी २०२३ मध्ये तीन चित्रकर्त्यांनी कॅलिफोर्नियात अशा प्रणालींच्या निर्मात्यांवर दावा दाखल केला.

विज्ञानाच्या तासाला आपण चित्र हलके कसे झाले ते शिकवू, आणि ते गणित सर्वांचे आहे हेही सांगू. पण पुढच्या वेळी प्रकल्पाच्या वहीत एखादे सुंदर चित्र चिकटवलेले दिसले, तर त्याखाली चित्रकाराचे नाव आहे का, एवढे जरूर विचारू. ते नाव लिहायला एका ओळीचीही जागा लागत नाही, आणि चित्र कितीही हलके केले तरी ते गाळण्याची मुभा कोणतेही गणित देत नाही.