सुलतानाच्या स्वप्नाची छपाई

पदरमोड करून पुस्तके काढणाऱ्या आम्हा मुस्लिम मराठी लेखकांना बेगम रुकैया सखावत हुसेन यांना विसरून चालणार नाही. त्या शाळेत गेल्या नाहीत. रात्री घरातली माणसे झोपली की थोरला भाऊ त्यांना इंग्रजी शिकवी. पुढे भागलपूरला, पती दौऱ्यावर असताना, त्यांनी इंग्रजीत ‘सुलतानाज ड्रीम’ ही अद्भुतकथा लिहिली. तिच्यात पुरुष पडद्यात राहतात. स्त्रियांची विद्यापीठे ढगांतून पाणी घेतात, सूर्याची उष्णता साठवतात.

१९०५ साली ती मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये आली. हे मासिक कमला सत्यनाधन या बाईंनी १९०१ साली सुरू केले होते. १९०८ मध्ये कलकत्त्यात कथेचे छोटे पुस्तक निघाले. १९०९ मध्ये पती वारले. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशांतून त्याच वर्षी रुकैयांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली. १९११ मध्ये ती कलकत्त्यात सुरू झाली.

म्हणजे मुलींचे विद्यापीठ आधी कागदावर छापले गेले, शाळा नंतर उघडली. छोट्या नियतकालिकांचे मोल आम्हीच खपाच्या आकड्यांवरून ठरवू लागलो, तर असली स्वप्ने छापणार कोण?