गुलाब, शाहीन आणि आमचं खुराडं

चक्रीवादळ म्हटलं की कोकण आठवतं. ३ जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ मधलं तौक्ते, श्रीवर्धनकडच्या आडव्या झालेल्या सुपारीच्या बागा. कंधारच्या माणसाने हे सगळं टीव्हीवर पाहायचं, हळहळायचं आणि चहा प्यायचा. दोन्हीकडचे समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटरच्या पलीकडे. आमच्याकडे वारा म्हणजे वैशाखातली वावटळ, आणि संकट म्हणजे दुष्काळ. म्हातारी माणसं वयाचा हिशेब अजून बाहत्तरच्या दुष्काळावरून लावतात. पाण्याचं म्हणाल तर या गावाचा इतिहास ते धरून ठेवण्याचा आहे. राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग तलाव, किल्ल्याभोवतीचा खंदक, अलीकडच्या काळात मन्याडवरचं बारूळचं धरण. पाणी नकोसं झालं तर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवून ठेवलेलं नाही.

आणि कोंबड्यांचं काय करायचं, हे तर नाहीच नाही.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. जिन्याखाली भिंतीतच कोंबड्यांचं खुराडं. दाराला फळी, फळीला कडी. आजी संध्याकाळी "आ आ" करून सगळ्यांना आत घ्यायची आणि कडी लावून दोनदा हलवून बघायची. शत्रू ठरलेले होते : मुंगूस, रानमांजर आणि भटकं कुत्रं. वादळवाऱ्याची भीती नव्हती. माळवद उडत नाही.

ते कोसळतं, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळलं. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं घेतली, आणि त्यातली बरीचशी अशाच दगडमातीच्या भिंतींखाली आणि जड छपरांखाली सापडली. आमच्याकडे फक्त भांडी वाजली, पण माळवदाखाली निर्धास्त झोपण्याचे दिवस संपले. त्यानंतरच्या वर्षांत गावोगाव माळवदं उतरली आणि पत्रे चढले. पत्रा हलका, डोक्यावर पडला तरी माणूस वाचेल हा विचार. आमच्या घरीही दोन खोल्यांवर स्लॅब आला, बाकी सगळं पत्र्याचं. खुराडं भिंतीतून निघालं आणि अंगणाच्या कोपऱ्यात, जुन्या दाराच्या फळ्या आणि उरलेला पत्रा जोडून उभं राहिलं. अंगणातला तोच भाग सगळ्यात सखल. घरात ज्याचा कशाला उपयोग नाही ते कोंबड्यांना, अशी आपली वाटणी असते.

थोडक्यात, एका संकटासाठी बदललेलं घर दुसऱ्याला उघडं पडलं होतं. फक्त ते दुसरं संकट इकडे यायचं नाही, अशी सगळ्यांची खात्री होती.

२६ सप्टेंबर २०२१, रविवार. बंगालच्या उपसागरातलं 'गुलाब' त्या संध्याकाळी आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं. तिथून कंधार साधारण सातशे किलोमीटर. जमिनीवर आलं की वादळाला खालून मिळणारी समुद्राची वाफ तुटते आणि त्याचा जोर ओसरतो, हे शाळेत शिकलेलं खरं आहे. पण ओसरतो तो वारा, पाऊस नव्हे. गुलाबाचा उरलासुरला भाग तेलंगणावरून मराठवाड्यावर आला आणि २७-२८ तारखेला जे ओतलं त्याने मांजरेचं खोरं जलमय केलं. धरणाचे दरवाजे उघडावे लागले. खरीप अजून शेतातच होतं. सोयाबीन काढणीला आलेलं, ते उभ्या-उभ्या सडलं.

सोमवारी दुपारी आईने आकाश बघितलं आणि म्हणाली, "दिवेलागणीच्या आधी कोंबड्या आत घे." यात शहाणपण होतं. कोंबडीला अंधारात दिसत नाही. उजेडात तिच्यामागे धावून माणूस दमतो, आणि मिट्ट काळोख झाल्यावर पावसात आपल्यालाच पाय कुठे पडतोय ते कळत नाही. ती झोपायला जागा शोधू लागते तेवढ्या अर्ध्या तासात तिला अलगद उचलता येतं. नऊ कोंबड्या आणि कोंबडा स्लॅबच्या खोलीत बाजेवर डालग्यांखाली गेले. खाली राख आणि त्यावर भुसकट. ज्वारीची भरड स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट, कारण ओलं खाद्य बुरसतं आणि वादळाने न मेलेली कोंबडी त्याने मरते. पिण्याचं पाणी घागरीत वेगळं काढलं. मग पत्र्यावरचे दगड उतरवले. पत्र्यावर दगड ठेवायची रीत सगळीकडे आहे, पण पत्रा उचकटला की तोच दगड खाली येतो. त्याऐवजी तारेने पत्रे वाशांना आवळले.

राहिली एक खुडूक. ती तेरा अंड्यांवर बसली होती, सोळावा दिवस. एकवीस दिवसांचा हिशेब आणि मध्येच हलवलं तर ती अंडी सोडते. आई म्हणाली, पाटीसकट उचल, वरून पोतं टाक, तिला कळता कामा नये. तसंच केलं. रात्रभर पत्रा बडवला जात होता आणि ती पोत्याखाली गप्प.

पहाटे अंगणात गुडघाभर पाणी होतं. खुराडं होतं, पण पाणी कडीच्या वर.

खालच्या गल्लीतल्या मावशींनी रोजच्यासारखी कडी लावली होती. अकरा कोंबड्या होत्या. बदकासारखं तेलकट पीस कोंबडीला नसतं. ती भिजते, जड होते आणि बुडते. दार उघडं असतं तर एखादी उडून भिंतीवर बसली असती. "मुंगसासाठी लावली रे बाबा," एवढंच त्या म्हणाल्या. अंडी विकून आलेला पैसा ही घरातली एकच मिळकत त्यांच्या हातात असायची. नातीच्या वह्या त्यातूनच.

त्या वेळचे सरकारी निकष असे : कोंबडीमागे ५० रुपये, एका कुटुंबाला जास्तीत जास्त ५,००० रुपये. २०२२ नंतर ते १०० आणि १०,००० झाले. पण पंचनाम्याला मेलेलं जनावर दिसावं लागतं, आणि मावशींनी वास सुटायच्या आत सगळ्या पुरून टाकल्या होत्या. (तेच बरोबर होतं.) कागदावर त्यांच्या अंगणात कोंबडी कधी नव्हतीच.

इकडे गुलाब गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं, पुन्हा वाफ प्यायलं आणि १ ऑक्टोबरला त्याचं नवं बारसं झालं : 'शाहीन'. गुलाब हे नाव पाकिस्तानने सुचवलेलं, शाहीन कतारने. ३ ऑक्टोबरला ते ओमानवर आदळलं. शाहीन म्हणजे ससाणा. कोंबड्यांच्या दृष्टीने हेच नाव आधी द्यायला हवं होतं.

पुढे १७-१८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री शेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळमध्ये पाणी शिरलं. तेव्हा चक्रीवादळही नव्हतं, नुसता पाऊस आणि लेंडी धरणाचं साठलेलं पाणी. माणसं दगावली आणि दावणीला बांधलेली जनावरं दावणीलाच गेली.

आमचं खुराडं आता चार विटांच्या थरांवर उंच केलंय. कडीच्या जागी आई सुतळीची सरकगाठ मारते. मुंगसाला ती उघडता येत नाही, आणि पाणी वाढलं तर एका हिसक्यात सुटते. मावशींनीही तशीच केली आहे. त्या पाटीतल्या तेरा अंड्यांतली नऊ फुटली. चार पिल्लं मावशींकडे गेली.