कसौलीचे औषध आणि डोंगरातला साप

हिमाचल प्रदेशातील कसौली हे सुमारे १,८०० मीटर उंचीवरचे गाव. १९०५ मध्ये तेथे केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत सर्पदंशावरील प्रतिविष तेथे तयार होऊ लागले. ते होते नाग आणि घोणस यांच्या विषावरचे, म्हणजे मुख्यतः मैदानी शेतशिवारांतल्या सापांवरचे. ज्या हिमालयाच्या कुशीत ही संस्था उभी राहिली, तेथील हिमालयीन पिट वायपरच्या विषावर मात्र भारतीय रुग्णालयांत आजही खास प्रतिविष उपलब्ध नाही. ही विसंगती कशी निर्माण झाली, हे समजले की डोंगरात सापापासून कसे सावध राहावे हेही उमगते.

भारतीय सापांच्या शास्त्रीय नोंदींची सुरुवात किनारपट्टीवर झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वैद्य पॅट्रिक रसेल यांनी १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १८७२ मध्ये कलकत्त्याचे डॉ. जोसेफ फेरर यांनी विषारी सापांवरील भव्य ग्रंथ सिद्ध केला. पुढे लष्करी वैद्य फ्रँक वॉल यांनी खवल्यांवरून साप ओळखण्याची रीत घालून दिली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने त्यांचे पुस्तक प्रकाशित केले. पाठीच्या मध्यावरचे मोठे षट्कोनी खवले दिसले तर मण्यार; डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये खळगा असला तर पिट वायपर, म्हणजे चापड्याच्या कुळातला साप. ही रीत अचूक होती, पण तिच्यात एक मोठी अडचण होती : खवले तपासायचे तर साप हातात हवा, आणि तोही मेलेला. दंशानंतर साप मारून दवाखान्यात नेण्याचा प्रघात या गरजेला पूरकच ठरला. त्या खटाटोपात मोलाचा वेळ जाई आणि दुसरा दंश होण्याचा धोकाही असे.

प्रतिविषाचा विकास नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांभोवती झाला. त्यामागे सबळ कारण होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले आणि त्यांचा मोठा भार कमी उंचीच्या, शेतीप्रधान ग्रामीण भागाने सोसला. १९७८ मध्ये तामिळनाडूत स्थापन झालेली इरुला सर्पमित्रांची सहकारी संस्था औषधनिर्मितीसाठी याच चार सापांचे विष पुरवते.

परंतु डोंगर या चौकटीत बसत नाहीत. दक्षिण सह्याद्रीत नाकाचे टोक वर वळलेला एक लहानसा पिट वायपर आढळतो. भारतात त्याचा दंश प्राणघातक मानला जात नसे. २००७ मध्ये केरळातील रुग्णांच्या अभ्यासाने हा समज मोडला. त्याच्या दंशाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे सिद्ध झाले. त्याला फुरसे समजून दिलेले प्रतिविष निरुपयोगी ठरले होते.

दरम्यान वैद्यकाची दृष्टी सापाकडून रुग्णाकडे वळली. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांत गोठते की नाही, पापण्या जड होतात का, दंशाची जागा सुजते का, यांवरून उपचारांची दिशा ठरू लागली. त्यासाठी मेलेला साप लागत नाही.

गिर्यारोहकासाठी या इतिहासाचे सार सरळ आहे. साप ओळखता येणे चांगले, पण त्यासाठी त्याच्या जवळ जाणे घातक. चापड्याच्या कुळातले साप चाहूल लागताच पळून जातीलच असे नाही. पालापाचोळ्यात, खडकांच्या फटीत, झुडपांच्या फांद्यांवर ते निश्चल पडून राहतात. म्हणून कड्यावर चढताना न दिसणाऱ्या खोबणीत हात घालू नये, ओंडक्यावर बसण्यापूर्वी तो काठीने चाचपावा, घोट्यापर्यंतचे बूट घालावेत आणि अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. साप दिसल्यास थांबावे, मागे सरावे, त्याला वाट द्यावी.

दंश झालाच तर चिरा देणे, विष चोखणे, आवळपट्टी बांधणे, सापाचा पाठलाग करणे टाळावे. अंगठ्या व घड्याळ काढावे, दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा, दंशाची वेळ नोंदवावी. रुग्णाला शक्यतो चालवू नये. उचलून खाली आणावे आणि थेट रुग्णालयात न्यावे. प्रतिविष लागू पडत नसले तरी रक्तस्राव आणि मूत्रपिंडांवर तेथे उपचार होतात, आणि तेच प्राण वाचवतात.

भारत सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्याचे उद्दिष्ट २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणणे हे आहे. डोंगरातल्या सापांवरचे प्रतिविष हाती येईपर्यंत पायवाटेवरचा माणूस मात्र आपल्या सावधपणावरच विसंबून आहे.