जहाजावरील स्पा आणि व्यायामशाळा
प्रवासी जहाजांवरील आरोग्यसुविधांची परंपरा जुनी आहे. १९१२ मध्ये बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर तुर्की स्नानगृह, समुद्राच्या पाण्याचा तरणतलाव आणि उंटाच्या चालीचा अनुभव देणाऱ्या विद्युतयंत्रासह व्यायामशाळा होती, अर्थात ही चैन पहिल्या वर्गापुरतीच. आजच्या क्रूझवर व्यायामशाळेचा वापर बहुधा तिकिटातच समाविष्ट असतो. मसाजचे पैसे मात्र वेगळे मोजावे लागतात, शिवाय अनेक कंपन्या त्यावर सेवाशुल्कही आकारतात. जहाज बंदरात उभे असताना बहुतेक प्रवासी किनाऱ्यावर उतरतात. स्पामध्ये सवलत मिळते ती प्रायः याच वेळी. हृदयविकार असणाऱ्यांनी व गर्भवतींनी सौना किंवा गरम पाण्याच्या कुंडापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. मद्यपानानंतर तर तेथे जाऊच नये. उष्णतेने रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येऊ शकते.