एका छताखालच्या सेवा



इतिहासाच्या व्याख्यानासाठी मी संगणकाच्या पोटातला एक कारभार निवडला, याचे काहींना नवल वाटेल. पण बखर राजाची असते तशी कारभाऱ्यांचीही असावी, असे मला वाटते.

पडद्यामागे संगणकात अनेक सेवा निमूटपणे चालू असतात. कोणी छपाईची रांग सांभाळते, कोणी घड्याळ जुळवते, कोणी नेटवर्कवरचा पत्ता मिळवते. 1993 साली विंडोज एनटी आली, तेव्हा बाहेरून जोडली जाणारी सेवा म्हणजे सामान्यतः एक एक्झी फाइल आणि तिची स्वतंत्र प्रक्रिया. प्रक्रिया म्हणजे वेगळी चूल: तिची मेमरी वेगळी, नोंदी वेगळ्या. एका प्रक्रियेत अनेक सेवा नांदवण्याची सोय त्याही वेळी होती; तिला सर्वसाधारण रूप मिळाले ते विंडोज 2000 मध्ये. त्या प्रणालीची किमान गरज 64 मेगाबाइट. इतक्या तुटपुंज्या जागेत प्रत्येकीची चूल वेगळी मांडणे परवडणारे नव्हते.

म्हणून सेवेचा प्रोग्राम डीएलएल या लायब्ररीत ठेवण्यात आला. डीएलएल स्वतःहून धावत नाही. तिला कोणीतरी उचलून घ्यावे लागते. ते काम एसव्हीसीहोस्टकडे आले. होस्ट म्हणजे यजमान, आणि हे नाव सार्थ आहे. कोणत्या गटात कोणत्या सेवा, याची यादी रजिस्ट्रीत असते. प्रत्येक सेवेच्या नोंदीत तिच्या डीएलएलचा पत्ता असतो. यजमान ती मेमरीत आणतो आणि तिच्यातील ठरावीक प्रवेशद्वारातून सेवा सुरू होते.

काटकसर साधली, पण जबाबदारी पुसट झाली. एक सेवा कोसळली की गटातल्या सगळ्याच कोसळत, आणि चुकीच्या संदेशात नाव येई यजमानाचे. विंडोज एक्सपीच्या काळात एका कार्यालयात असाच एक यजमान प्रोसेसर अडवून बसलेला मी पाहिला. त्याच नावाच्या चार-पाच प्रक्रिया यादीत होत्या. उतावीळपणे मी त्यातली एक बंद केली, आणि ध्वनी, नेटवर्कवरचे सामायिक फोल्डर सारेच गेले. दोष एकीचा, शिक्षा सर्वांना. कोणत्या यजमानाकडे कोण राहते हे सांगणारी ‘टास्कलिस्ट’ ही आज्ञा एक्सपी प्रोफेशनलमध्ये होती. मला ती नंतर कळली.

या गर्दीचा लाभ लबाडांनीही घेतला. नोव्हेंबर 2008 मध्ये उघडकीस आलेला कॉन्फिकर हा किडा स्वतःची डीएलएल सेवा म्हणून नोंदवी आणि याच यजमानाच्या पंक्तीत बसे. यादीत दिसे ते परिचित नाव. वाड्यातल्या पंगतीत अनोळखी पाहुणा खपून जातो, तसेच हे.

पुढे मेमरी स्वस्त झाली. 2017 च्या विंडोज 10 क्रिएटर्स अपडेटपासून, 3.5 गीगाबाइटपेक्षा अधिक मेमरी असलेल्या संगणकांवर बहुतेक सेवांना आपापला यजमान मिळाला. गंमत अशी की डीएलएलची पद्धत मोडली नाही. त्याच यजमानाच्या अनेक प्रती चालू लागल्या. एकत्र कुटुंबाची वाटणी झाली, घराण्याचे नाव तेच राहिले. काही सेवा मात्र त्या वाटणीतही एकत्रच ठेवल्या गेल्या: फायरवॉल आणि तिला आधार देणारे गाळणीचे यंत्र त्यांपैकीच.